बंद पडलेल्या प्रोजेक्टला जास्त मार्क दिले तर चुकतं का? (फर्स्ट इयर पीबीएल)

पाना_पकड

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलचा, एका खाजगी कॉलेजात शिकवतो, नोकरीचं तिसरं वर्ष, म्हणजे अजून 'नवीन सर' मध्येच मोडतो आणि नवीन सरांच्या गळ्यात जे जे पडतं ते सगळं पडलंय. त्यातलंच एक फर्स्ट इयरचं पीबीएल. ज्यांच्या वेळी हे नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो, प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग, आठवड्याला चार तास, पाच-सहा जणांचा ग्रुप, सेमभर एक प्रोजेक्ट करायचा आणि शेवटी मार्क. माझ्याकडे चार ग्रुप आहेत, दोघांनी स्मार्ट इरिगेशन आणलं, एकाने स्मार्ट डस्टबिन आणि एकाने मोबाईलवरून ब्लूटूथने चालणारी गाडी. (स्मार्ट नसलेलं काही आता प्रोजेक्ट म्हणून चालतच नाही बहुतेक.)

इरिगेशनवाल्यांचं सोडा, ते मधेच आहेत. प्रॉब्लेम बाकी दोघांचा आहे.

डस्टबिन एक नंबर चालतं. ॲक्रिलिकची बॉडी, वर कॉलेजचा लोगो छापलेला स्टिकर, हात पुढे केला की झाकण उघडतं, दहापैकी दहा वेळा. मी विचारलं हा सेन्सर अंतर मोजतो कसं, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि एक जण म्हणाला "ते कोडमध्ये आहे सर". बाजारातून आणलंय हे मला कळतंय, मला कळतंय हे त्यांना कळतंय, आणि आम्ही सगळे मिळून गप्प.

गाडी मात्र स्वतः केलेली. सनबोर्ड, चिकटपट्टी, दोन पिवळ्या बीओ मोटर (खेळण्यातल्या गाडीसारख्या छोट्या), आर्डुइनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), मोटर ड्रायव्हर (बोर्डच्या इशाऱ्यावर मोटर चालवणारं सर्किट) आणि ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. टेबलावर उलटी धरली की चाकं मस्त फिरतात, जमिनीवर ठेवून फॉरवर्ड दाबलं की एक गचका आणि ब्लूटूथ डिस्कनेक्ट. पोरांनी दोन आठवडे कोड बदलला. डीले वाढव, डीले कमी कर, दुसरं ॲप घे, तिसऱ्याचा कोड उचल. मलाही कळेना, मी मेकॅनिकलवाला, मी सांगितलं चाकांचं घर्षण बघा (हसू नका). शेवटी त्यातली एक मुलगी इलेक्ट्रिकलच्या लॅबमधून मल्टिमीटर मागून घेऊन आली, बॅटरीला लावला, ९ च्या वर दाखवत होता, गाडी जमिनीवर ठेवून बटण दाबलं तर आकडा धाडकन साडेपाचवर. म्हणजे मोटरने करंट ओढला की बॅटरी बसते, आर्डुइनोला पुरेसं मिळत नाही, तो रीसेट होतो, सगळं पहिल्यापासून. कोडमध्ये काहीच चूक नव्हती! पण तोवर बुधवार उजाडला आणि डेमो शुक्रवारी. डेमोला गाडी वीतभर चालली आणि थांबली.

आता आमच्या शीटवर ५० पैकी २० मार्क 'वर्किंग मॉडेल'ला आहेत. त्याप्रमाणे डस्टबिनला ४४ पडतात आणि गाडीला २९. मला हे उलटं करावंसं वाटतंय. एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात फायलीला चालू प्रोजेक्टचे फोटो लागतात, बंद गाडीचा फोटो लावून काय करू. त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

आणि दुसरं, गाडीच्या ग्रुपमध्येही पाचातल्या दोघांनीच काम केलंय असं मला वाटतंय, पण कोणत्या दोघांनी ते छातीठोक सांगता येत नाही. सगळ्यांना सारखे द्यायचे का? मार्क सोमवारी भरायचेत. कोणी हे निस्तरलंय का?

खडू_डस्टर

सर, आधी एक सांगते, तुम्ही घर्षण सांगितलंत त्यात हसण्यासारखं काही नाही, मी पहिल्या वर्षी याहून भारी सल्ले दिलेत. बावीस वर्षं शिकवतेय, त्यातली शेवटची काही पीबीएलबरोबर. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये हे फर्स्ट इयरच्या दुसऱ्या सेमला आलं तेव्हा आम्हा सगळ्यांचीच धांदल होती, कोणालाच शिकवायचं म्हणजे नक्की काय करायचं ते माहीत नव्हतं, बरेच जण चार तास हजेरी घेऊन मुलांना सोडून द्यायचे.

तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उपाय एकच आहे. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मी मॉडेलमधली एक वायर काढते.

खरंच. ग्रुपला बाहेर पाठवायचं, एक जंपर वायर सैल करायची किंवा दोघांची जागा बदलायची (सप्लायच्या वायरींना हात लावायचा नाही, नाहीतर बोर्ड जळेल आणि मग तुम्हीच भरून द्याल), मग एकेकाला आत बोलवायचं आणि म्हणायचं, हे चालत नाहीये, शोध. पाच मिनिटं द्यायची. प्रत्येकाला वेगळा फॉल्ट. शोधलंच पाहिजे असं नाही, कुठून सुरुवात करतोय ते बघायचं. ज्याने स्वतः जोडलंय त्याचा हात आपोआप जातो, आधी लाईट लागतोय का बघेल, मग ग्राउंड चेक करेल. ज्याने नुसतं उचलून आणलंय तो लॅपटॉप उघडतो.

डस्टबिनवाल्यांना अजून एक विचारा. सेन्सर आवाज सोडतो आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, त्यांच्या कोडमध्ये बहुतेक त्या वेळाला ५८ ने भागलेलं असेल, म्हणजे अंतर सेंटीमीटरमध्ये. तो ५८ कुठून आला? आवाजाला हवेत एक सेंटीमीटर जायला साधारण २९ मायक्रोसेकंद लागतात, जाऊन परत यायचं म्हणून दुप्पट, ५८. फिजिक्स अकरावीचं आहे, पण नेटवरून उचललेल्याला तो आकडा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. (कोणाच्या कोडमध्ये ०.०३४ ने गुणून दोनने भागलेलं असतं, गोष्ट तीच.)

एचओडींचं म्हणाल तर त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोला. एनबीएच्या (कोर्सला मान्यता देणारी संस्था) पीओमध्ये, म्हणजे मुलाला काय काय यायला हवं त्या यादीत, चौथा पीओ काय आहे बघा, तपास करणं, प्रयोग करून माहितीवरून निष्कर्ष काढणं. तुमच्या त्या मुलीने मल्टिमीटर लावून जे केलं ते शब्दशः तेच आहे. त्या दोन रीडिंगचं टेबल करा, बॅटरीवर लोड नसताना एवढं, मोटर चालू असताना एवढं, आणि फायलीला ते लावा. चालू डस्टबिनच्या फोटोपेक्षा तपासणाऱ्यांना ते जास्त आवडेल, लिहून देते.

एकमेकांना मार्क द्यायला लावणं मीही करून पाहिलं, प्रत्येकाला १०० पॉइंट द्यायचे आणि स्वतःला सोडून बाकीच्यांत वाटायला सांगायचं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी ठरवून सारखे वाटले, पंचवीस पंचवीस पंचवीस पंचवीस. पुढच्या वर्षीपासून मी आकड्याबरोबर एक वाक्य मागते, याने नक्की काय केलं. 'सपोर्ट केला', 'आयडिया दिल्या' असं आलं की समजायचं ते समजते.

केटी_एक्स्प्रेस

सर मी त्या डस्टबिनवाल्यांपैकी आहे. म्हणजे तुमच्या कॉलेजचा नाही, पण आम्हीपण विकतच घेतला होता, आमचा ब्लाइंड स्टिक होता (अंध लोकांसाठीची सेन्सरवाली काठी). आता लास्ट इयरला आहे त्यामुळे बोलायला हरकत नाही.

का घेतला ते ऐका, मग ठरवा. टाइमटेबलमध्ये चार तास होते पण त्यातले दोन तास लॅब दुसऱ्या बॅचला दिलेली असायची. सोल्डर गन अख्ख्या लॅबमध्ये दोन, त्यातली एक गरम व्हायची. पाच वाजता लॅबला कुलूप. त्यात एम-टूचा (मॅथ्स टू) पेपर डोक्यावर, ग्राफिक्सच्या शीट, जर्नलच्या सह्या. आमच्या सरांनी सेमभरात आमचा प्रोजेक्ट दोनदा बघितला, एकदा टायटल द्यायला आणि एकदा डेमोला. मधे कोणी विचारलंच नाही काय चाललंय. मग सिनियरने एक नंबर दिला, बुधवार पेठेत गेलो, साडेतीन हजार, रिपोर्ट आणि पीपीटी सकट. पाच जणांत सातशे सातशे. आम्हाला ४६ पडले, आणि शेजारचा ग्रुप जो रात्री जागून करत होता त्यांना ३१. त्यातला एक अजूनही मला टोमणे मारतो आणि बरोबर मारतो.

त्यामुळे सर, एक दिवस वायर काढून चोर पकडता येईल, पण मला विचाराल तर मधल्या बारा आठवड्यांत कोणी दर आठवड्याला येऊन नुसतं "काल काय बिघडलं दाखव" म्हणालं असतं तरी आम्ही विकत घेतला नसता, कारण बिघडायला आधी काहीतरी केलेलं असावं लागतं ना.

आणि ती चौकोनी बॅटरी सगळ्यांनाच फसवते, दुकानदार पण आर्डुइनो बरोबर तीच देतो. ती स्मोक डिटेक्टरला वगैरे ठीक आहे, मोटरला नाही.

भोसरीकर

मास्तर, मी कॉलेजवाला नाही, भोसरीत जिग-फिक्स्चरचं (मशीनवर जॉब पकडून ठेवायची साधनं) छोटं वर्कशॉप आहे, दरवर्षी दोन-तीन फ्रेशर घेतो. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, थोडं कडू लागेल.

बंद गाडीला जास्त मार्क हे मला पटत नाही. आमच्याकडे फिक्स्चर बसलं नाही तर गिऱ्हाईक असं म्हणत नाही की वा, का बसलं नाही ते छान शोधलंत, घ्या पैसे. चालायला पाहिजे हीपण एक गोष्ट आहे आणि ती पोरांना लवकर कळलेली बरी. त्या पोरीने बुधवारी शोधलं ना, मग गुरुवारी दोन सेल आणून गाडी का नाही चालवली? एक दिवस होता की हातात.

पण विकतच्या डस्टबिनला ४४ हे तर त्याहून वाईट. इंटरव्ह्यूला माझ्यासमोर सगळे चालू प्रोजेक्टच घेऊन येतात, व्हिडिओ दाखवतात. मी एकच विचारतो, यात काय काय मोडलं होतं. ज्याने केलंय तो सुरू होतो ते थांबतच नाही, ड्रिल तुटलं, शाफ्ट स्लिप होत होता, बेअरिंग उलटं बसवलं. ज्याने आणलंय तो म्हणतो काही मोडलं नाही सर, सगळं प्रॉपर झालं. त्याला चहा पाजून परत पाठवतो.

माझ्या हिशोबाने दोघांना कमी द्या.

पाना_पकड

@भोसरीकर काका, गुरुवारचं मी लिहायचं राहिलं. गुरुवारी फेस्टमुळे लॅब बंद होती आणि १८६५० चे सेल (मोटरला पुरेसा करंट देणारे, चार्ज होणारे लिथियम सेल) गावात मिळत नाहीत, पुण्याहून मागवावे लागतात. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, आठवडाभर आधी शोधलं असतं तर चाललीच असती, आणि आठवडाभर आधी न शोधण्यात माझ्या घर्षणाचा मोठा वाटा आहे.

@केटी_एक्स्प्रेस, वाचून जरा गप्प झालो. मीपण डस्टबिनवाल्यांकडे सेमभरात तीनदाच गेलो असेन. गाडीवाल्यांकडे रोज जायचो कारण तिथे काहीतरी बिघडलेलं असायचं आणि मजा यायची.

उत्तरेचा_वारा

डेन्मार्कमधून लिहितोय, सांगलीकडचा आहे. ऑलबोर्ग युनिव्हर्सिटीत मास्टर्स केलं, ती १९७४ ला सुरूच झाली ती प्रोजेक्टवर, नंतर चिकटवलेलं नाही. सेमिस्टरचे ३० क्रेडिट असतात, त्यातले साधारण १५ एका ग्रुप प्रोजेक्टचे. आपल्याकडे दोन क्रेडिट, हे आधी लक्षात घ्या. दोन क्रेडिटच्या पाटीवर पंधरा क्रेडिटचा माल मिळणार नाही, पोरांनाही दोष देऊ नका आणि स्वतःलाही.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर, ग्रुपमध्ये मार्क कसे वाटायचे, यावर इथे अख्ख्या देशात राजकारण झालेलं आहे. इथली पद्धत अशी की रिपोर्ट सगळ्यांचा एक, परीक्षा तोंडी, सगळा ग्रुप एकत्र बसतो, बरोबर बाहेरचा परीक्षक, आणि चर्चा तासन् तास चालते. २००६ मध्ये सरकारने ठरवलं की हे बंद, प्रत्येकाची परीक्षा वेगळी झाली पाहिजे, नाहीतर आळशी पोरं दुसऱ्याच्या जिवावर पास होतात. अगदी आपल्या स्टाफरूममधला युक्तिवाद! युनिव्हर्सिटी आणि विद्यार्थी दोघंही चिडले, बरीच वर्षं वाद चालला, सरकार बदललं आणि २०१२-१३ च्या सुमाराला ग्रुप परीक्षा परत आली. आता गंमत म्हणजे ग्रुप परीक्षेतही मार्क प्रत्येकाला वेगळेच मिळतात. एकत्र बसवतात ते एवढ्यासाठी की एकाने उत्तर दिलं की परीक्षक दुसऱ्याकडे वळून विचारतो, तुला हे पटतंय का, तू असतास तर काय केलं असतंस. ज्याने काम केलंय तो मधेच तोंड घालतो, थांबवता येत नाही. ज्याने केलेलं नाही तो मान डोलावतो. अर्ध्या तासात कळतं.

माझ्या पहिल्या परीक्षेत मी मान डोलावणारा होतो. काम केलं होतं, पण आपली सवय, सरांसमोर मधे बोलायचं नाही, दुसऱ्याचं खोडायचं नाही. सुपरवायझरने नंतर बाजूला घेऊन सांगितलं, तुझे मार्क तुझ्या गप्प बसण्याचे आहेत. इथे स्केल उणे ३ पासून १२ पर्यंत असतं, उणे मिळाले नाहीत एवढंच. त्यामुळे मॅडमची एकेकाला बोलवायची आयडिया चांगली आहेच, पण वायरनंतर दहा मिनिटं सगळ्यांना एकत्रही बसवा, आणि आपल्या गप्प पोरांना आधी सांगून ठेवा की मधे बोललात तर उद्धटपणा समजणार नाही.

अजून एक, बॅचलरच्या पहिल्या सेमला इथे आधी 'पी-झीरो' नावाचा छोटा प्रोजेक्ट असतो, काही आठवड्यांचा, मुद्दाम. तो गंडतोच. मग ग्रुपने आपण कसं काम केलं, कुठे भांडलो, कोण आलं नाही, हे लिहून काढायचं, आणि त्यानंतर खरा प्रोजेक्ट. तुमच्या गाडीवाल्यांचा हा पी-झीरो झालाय असं समजा.

खडू_डस्टर

@उत्तरेचा_वारा एकत्र बसवायचं हे मी चोरणार. आणि लांब जायलाही नको, हुबळीला केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत फर्स्ट इयरला 'इंजिनिअरिंग एक्सप्लोरेशन' म्हणून कोर्स आहे, सगळ्या ब्रँचची मुलं मिसळून प्रोजेक्ट करतात. तुमच्याच सांगलीकडे, राजारामनगरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधून इंजिनिअरिंग शिक्षणावरचं एक जर्नल निघतं, 'जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स', त्यात आपल्यासारख्याच कॉलेजांतले अनुभव येतात. पाना_पकड सर, तुमचं हे बॅटरी प्रकरण लिहून पाठवा कधीतरी. घर्षणासकट.

@भोसरीकर तुमचं म्हणणं मान्य, पण फर्स्ट इयरच्या मुलाला आणि तुमच्या पगारी माणसाला एकच फूटपट्टी नको. चालण्याचे मार्क असू देत, २० नकोत, १० ठेवा.

भोसरीकर

१० चालतील मॅडम. उरलेल्या १० मध्ये 'काय मोडलं' ते लिहायला लावा.

पाना_पकड

मंडळी, सोमवार रात्र. झालं सगळं, सांगतो.

सकाळी एचओडींकडे गेलो, आधी पीओ-४ म्हणालो मग बाकीचं, आणि रीडिंगचं टेबल पुढे ठेवलं. दोन मिनिटं बघत बसले, म्हणाले २० चे १० चालण्याला आणि १० 'काय मोडलं'ला कर, पण चारही ग्रुपना तोच नियम. चालेल म्हटलं. मग सगळ्यांना परत बोलावून वायर काढली.

गाडीच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त बोलणारा एक मुलगा आहे, प्रेझेंटेशन पण त्यानेच दिलं होतं, मी मनातल्या मनात काम करणाऱ्या दोघांत त्याला धरलं होतं. त्याने पाच मिनिटं कोडच वाचला. एरवी मागे उभा असणारा एक जण, ज्याचं नाव मला नीट माहीत नव्हतं (कबूल करतो), तो आला, वाकून बघितलं, म्हणाला "सर ग्राउंड कॉमन नाहीये" (म्हणजे सगळ्यांची मायनस वायर एकत्र जोडलेली नाही) आणि वायर लावून मोकळा. सनबोर्ड कापणं, वायरिंग, सगळं त्याचंच होतं. मल्टिमीटरवालीला मी मुद्दाम अवघड फॉल्ट दिला होता, तिनेही शोधला, वर मलाच सुनावलं की सर ही वायर मी लाल लावली होती, तुम्ही पिवळी लावलीत.

डस्टबिनमध्ये चौघांचं जे व्हायचं ते झालं. पाचवा मात्र आला आणि म्हणाला सर ५८ विचारा. कुठून कळलं विचारलं तर इथलं वाचलं म्हणे! (बाळा, हेही वाचत असशील तर जर्नल पूर्ण कर.) म्हटलं पाठ करून आला असेल, म्हणून उलटं विचारलं, हवेऐवजी पाण्यात असतं तर आकडा वाढेल का कमी होईल. थोडा वेळ थांबला, मग बोटावर काहीतरी मोजून म्हणाला कमी होईल, पाण्यात आवाज जोरात पळतो. वायर पण शोधली. घरी दोनदा खोलून बघितलं होतं म्हणाला, बाकीचे ओरडले की मोडशील, वॉरंटी आहे.

तर गाडीला ३४ ते ४१, माणसाप्रमाणे. डस्टबिनला २७, आणि त्या एकाला ३८. बोलणाऱ्या मुलाचा चेहरा पडलाय, तो उद्या भेटायला येणार आहे, त्याला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. प्रेझेंटेशन त्याने खरंच चांगलं दिलं होतं.

सेल आज आले. कोणाचेही मार्क आता बदलणार नाहीत, तरी गाडीवाले उद्या चार वाजता लॅब उघडा म्हणून मागे लागलेत.

केटी_एक्स्प्रेस

सर दोन्ही सेल सिरीजमध्ये लावायचे, होल्डर घ्या, वायर डायरेक्ट सेलवर सोल्डर करू देऊ नका. आणि चार्जर १८६५० चाच घ्या, रात्रभर लॅबमध्ये चार्जिंगला लावून जाऊ नका, आमच्याकडे टेबल जळलंय.